'चालत नाहीये, प्लीज हेल्प': चेष्टेच्या उत्तरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आपल्या कॉम्प्युटर-मोबाईल मदत ग्रुपवर बिघाडाच्या तक्रारी येतातच, पण 'माझी टिंगल का केली' ही तक्रारही तितकीच येते. परत परत येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. मी 'लॅपटॉप चालत नाहीये, प्लीज हेल्प' एवढं लिहिलं. उत्तर आलं, 'चालत नसेल तर रिक्षा करून द्या.' मदत सोडून ही चेष्टा कशासाठी?

कारण त्या वाक्यात मदत करण्यासारखं काही सापडत नाही. बटण दाबल्यावर दिवाच लागत नसेल तरी लोक 'चालत नाही' म्हणतात. दिवा लागतो पण पडदा काळा, तरी तेच. पासवर्ड विसरला, तरी तेच. एक्सेलची मोठी फाईल उघडायला वेळ लागतो, तरीही तेच! पहिल्याला चार्जर बदलून बघायला सांगायचं, दुसऱ्याला बाहेरचा मॉनिटर जोडायला. बाकीच्या दोघांचा रस्ताच वेगळा. जाणकार माणूस असा मेसेज वाचतो, आधी आपल्यालाच पाच प्रश्न विचारावे लागणार हे त्याच्या लक्षात येतं, आणि हातात काम असेल तर तो पुढे सरकतो. विनोद करणाऱ्याला मात्र माहिती लागत नाही, म्हणून तो पहिला पोचतो.

राग गिळा आणि दुसरा मेसेज टाका. कसा, ते पुढच्या प्रश्नात आहे.

२. मला टेक्निकल भाषा येत नाही. मग नीट कसं लिहू?

गोदेला पूर आला की नाशिककर 'पाणी खूप वाढलंय' एवढ्यावर थांबत नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, असं सांगतो. ऐकणारा सिडकोत बसलेला असला तरी नदी कुठवर आली ते त्याला कळतं, आणि सांगणाऱ्याला क्युसेक म्हणजे काय हे माहीत असावं लागत नाही. बिघाडही असाच सांगायचा, जे डोळ्यांना दिसलं ते.

यंत्र कोणतं, तुम्ही काय करत होतात, काय व्हायला हवं होतं आणि त्याऐवजी काय झालं, हे लिहा. शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं, हेही लिहा. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात आणि नेमकं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. नमुना बघा:

'पाच वर्षं जुना लॅपटॉप, विंडोज १०. काल रात्रीपर्यंत ठीक होता. सकाळी अपडेट झालं. आता चालू केला की कंपनीचं चिन्ह येतं, गोल फिरतं, मग पडदा काळा. माऊसचा बाण मात्र दिसतो आणि हलतोही.'

यात एकही टेक्निकल शब्द नाही. पण त्या हलणाऱ्या बाणावरून जाणकाराला कळतं की पडदा शाबूत आहे, विंडोज बऱ्यापैकी वर आलंय, बहुधा डेस्कटॉप दाखवणारा भाग अडकलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी खिडकी) उघडतो का, हे तो लगेच विचारेल. रिक्षाचा विषय निघणार नाही.

३. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतं आणि पटकन जातं. ते कसं सांगू?

सांगू नका, दाखवा. पटकन जात असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, नंतर थांबवून त्यातला फोटो काढा. थांबून राहत असेल तर विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबली की हवा तेवढा भाग कापून घेता येतो. आणखी एक सोय फारशी कोणाला माहीत नसते. 'ओके' बटण असलेली विंडोजची साधी चौकट समोर असताना कंट्रोल आणि सी दाबलं की तिच्यातला मजकूर कॉपी होतो. मग तो इथे पेस्ट करायचा, हाताने उतरवायची गरज नाही.

'८००७ असं काहीतरी आलं' हे मात्र चालणार नाही. शून्य-एक्स-८००७०००५ म्हणजे परवानगी नाकारली. शून्य-एक्स-८००७००७० म्हणजे डिस्क भरली. फरक शेवटच्या दोन आकड्यांचा, उपाय मात्र अगदी निराळे. फोटो काढताना पडद्यावर ट्यूबलाइटची चकाकी येणार नाही एवढं बघा; आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक फोटोंत एररपेक्षा ट्यूबलाइट ठळक असते.

४. कोणत्याही प्रश्नावर 'बंद करून चालू करा' म्हणतात. हा टोमणा आहे की उपाय?

उपाय आहे. रीस्टार्टने मेमरीत अडकून पडलेले प्रोग्रॅम सुटतात, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) पहिल्यापासून सुरू होतात, नेटवर्कची जोडणी नव्याने होते. कारण न कळताही बिघाड जातो, म्हणून तो विनोदाचा विषय झाला, इतकंच.

यात एक गोम आहे. 'केलं बंद-चालू, काही फरक नाही' असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी खरं रीस्टार्ट केलेलंच नसतं. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे बिघाडही जसाच्या तसा परत येऊ शकतो. 'रीस्टार्ट' निवडलं तर मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'सीपीयू', आणि तिथे 'अप टाइम' बघा. रोज रात्री शट डाउन करणाऱ्यांच्या मशीनवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. लॅपटॉपचं झाकण लावणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

५. 'नेट चालत नाही' लिहिल्यावर मला नारायण नागबळी करायला सांगितलं. हे काय उत्तर झालं?

तो संवाद आम्ही जपून ठेवलाय, कारण चेष्टेतून उत्तर कसं निघतं ते त्यात दिसतं. नावं काढून देतो.

'नेट चालत नाहीये सकाळपासून. कोणीतरी हेल्प करा.'
'द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल, येईल दुपारपर्यंत.'
'त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या काका. तीन दिवस लागतील, पण स्पीड वाढेल.'
'राउटरपुढे मिसळ ठेवून बघा, वासाने उठेल.'
'काका, थट्टा राहू द्या. राउटरच्या डब्यावर लाल दिवा आहे का?'
'हो, लुकलुकतोय.'
'त्याच्याखाली एल, ओ, एस अशी अक्षरं आहेत?'
'आहेत.'
'मग घरात काही करू नका. बाहेर कुठे रस्ता खोदलाय का?'
'कोपऱ्यावर जेसीबी आहे ना भाऊ कालपासून!'

एलओएसचा लाल दिवा लुकलुकतो तेव्हा फायबरमधून प्रकाशाचा सिग्नलच डब्यापर्यंत पोचत नसतो. मागची बारीक वायर सैल झाली किंवा जास्त वाकली असेल, नाहीतर बाहेर केबल तुटली असेल. राउटर कितीदाही बंद-चालू केला तरी ती जोडली जात नाही. कंपनीला फोन करून 'एलओएस लाल आहे' एवढं म्हणायचं. हा दिवा ठीक असेल आणि मोबाईलवर 'कनेक्टेड, नो इंटरनेट' दिसत असेल, तर वाय-फाय शाबूत असून अडचण पुढे आहे. आणि फक्त मागच्या खोलीत नेट जात असेल, तर तुम्ही वाय-फायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झवर असाल. ते वेगवान असतं पण भिंतींपुढे दमतं, तिथे २.४ वर या.

पहिल्या तिघांनी विनोद केला, चौथ्याने एक प्रश्न विचारला. पहिल्या तिघांपैकी एकाने विनोदाबरोबरच तो विचारला असता तर काका हसले असते आणि कामही लवकर झालं असतं.

६. 'ऑल्ट आणि एफ४ दाबा, स्पीड वाढेल' असं सांगितलं. दाबलं तर टाइप केलेलं सगळं गेलं. याला विनोद म्हणायचं?

आम्ही म्हणत नाही. त्या दोन बटणांनी समोरची खिडकी बंद होते. अनेक प्रोग्रॅम आधी 'सेव्ह करायचं का' विचारतात, पण घाईत 'नको'वर बोट गेलं, किंवा ब्राउझरमध्ये भरत असलेला फॉर्म असला, की मेहनत पाण्यात.

आमची कसोटी सोपी आहे: समोरच्याने ते खरं मानून तसंच केलं तर काय होईल? राउटरपुढे मिसळ ठेवली तर फार तर पाव वातड होतील. 'सिस्टिम३२ फोल्डर उडवा, मशीन हलकं होईल' हे ज्याने मानलं त्याचं विंडोज उठणारच नाही, कारण विंडोजचा गाभा तिथेच राहतो. लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) वापरणाऱ्यांचा असाच एक जुना विनोद सगळी डिस्क पुसणाऱ्या आज्ञेचा आहे. २००६ पासून त्या आज्ञेत आडकाठी घातली गेली. मुळापासून पुसायला सांगितलं तर ती सरळ नकार देते. पण आज्ञा थोडी फिरवून लिहिली की आडकाठी कामी येत नाही, म्हणून कोणी दिलेली आज्ञा समजल्याशिवाय चालवू नका. २०१४ मध्ये तर नव्या आयफोनची बॅटरी मायक्रोवेव्हमध्ये चार्ज होते अशी खोटी जाहिरात फिरली होती. दिसायला हुबेहूब कंपनीची.

असला सल्ला इथे दिसला तर तो काढला जातो. 'मस्करी होती' हे उत्तर चालत नाही.

७. 'आठव्या थरात बिघाड आहे' म्हणजे नक्की कुठे?

तुमच्यात. नेटवर्कचं काम समजावणाऱ्या ओएसआय नमुन्यात सात थर आहेत. वायरपासून सुरुवात आणि वापरातल्या प्रोग्रॅमपाशी शेवट. आठवा थर म्हणजे पुढे बसलेला माणूस. 'खुर्ची आणि कीबोर्डच्या मधला बिघाड' हाही तोच टोमणा. 'आयडी१०टी एरर' इंग्रजीत लिहून बघा, 'इडियट' वाचता येईल. हे तिन्ही आपसात चालतात, मदत मागायला आलेल्यावर वापरू नयेत.

८. चेष्टा आहे की खरा सल्ला, हे कसं ओळखू?

लिहिलेल्या मजकुरात आवाज नसतो, ही अडचण फार जुनी आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ मध्ये संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद कोणीतरी केला आणि काहींना तो खरा वाटला. त्या गोंधळानंतर १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकून आडवा हसरा चेहरा काढावा. आजचे स्माइली त्याच वाटेने आले. म्हणून आपल्याकडे नियम आहे: थट्टा असेल तर हसरा चेहरा सक्तीचा. पुणेरी पाटी लावायची हौस असेल तर पाटीवरही तो काढा.

वाचणाऱ्यासाठी एवढंच. ज्या सल्ल्यात काहीतरी उडवायचं, बंद करायचं किंवा टाकायचं आहे आणि 'का' ते सांगितलेलं नाही, तिथे आधी 'का?' विचारा. खरा सल्ला देणारा कारण सांगतो.

९. 'मराठी फाईल उघडत नाही' लिहिलं तर म्हणाले 'चष्मा लावा'. फाईल उघडते, पण अक्षरं भलतीच दिसतात.

मग तसंच लिहायचं होतं, कारण 'भलती' कशी, यावर सगळं अवलंबून आहे. हा प्रश्न लग्नसराईत पत्रिका छापणाऱ्यांकडून, शाळांमधून, सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांपायी नेहमी येतो, म्हणून जरा सविस्तर.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसत असेल, तर फाईल श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर गेलेला नाही. नेमका तोच फॉन्ट टाका किंवा परिवर्तकाने युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी आजची अक्षरपद्धत) आणा. पण कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीला चालत नाही, म्हणून फॉन्टचं नाव आधी कळलं पाहिजे.

अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मजकूर युनिकोडमध्येच आहे, फक्त निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मंगल किंवा दुसरा देवनागरी फॉन्ट लावा. जोडाक्षरं तुटून पाय मोडलेले दिसतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागून येते, असं असेल तर प्रोग्रॅम जुना आहे. त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे हमखास.

आणि ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी. युनिकोड मजकूर कोणीतरी जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या, देवनागरी नसलेल्या पद्धतीत) सेव्ह केलाय आणि मूळ अक्षरं पुसली गेली आहेत. त्या फाईलमधून काही परत येत नाही, पाठवणाऱ्याकडची प्रत मागा. ती फाईल परत परत सेव्ह करून बघणारे फार, म्हणून सांगितलं.

१०. मी एक विचारतो, तर लोक उलट 'हे कशाला हवंय?' विचारतात. चौकशा कशाला?

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होऊ नये म्हणून. (सोमेश्वर आपलंच, गंगापूर रोडचं, त्यामुळे बंब आपल्याकडेच येणार.) एका ताईंनी विचारलं, 'गॅलरीतले सगळे फोटो एका झटक्यात डिलीट कसे करायचे?' सरळ प्रश्न, सरळ उत्तर देता आलं असतं. कोणीतरी कारण विचारलं तेव्हा कळलं की फोनची जागा भरली म्हणून नातवंडांचे फोटो जाणार होते. जागा खाल्ली होती सुप्रभातच्या व्हिडिओंनी! व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाईली वेगळ्या काढून दाखवतात. ताईंनी तिथे झाडू फिरवला, फोटो वाचले.

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मूळ काम लिहा, उपाय आम्ही सुचवतो.

११. माझ्या आईने विचारलं तेव्हा पोरांनी हसण्यावारी नेलं. तिने पुन्हा कधी विचारलंच नाही. वयस्कर माणसांना सूट नाही का?

आहे. नव्याने आलेला असो की वयाने मोठा, पहिलं उत्तर खरंच द्यायचं. थट्टा नंतर, आणि ती समोरच्याने आधी केली तर. आईंना परत विचारायला सांगा. लिहिणं जमत नसेल तर बोलून पाठवलेला मेसेजही चालतो.

घरच्या माणसाला दुरून मदत करायची तर उंटावरून शेळ्या हाकत बसू नका. २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपला स्क्रीन दाखवता येतो, तो वापरा. फक्त घरच्यांशी. अनोळखी माणसाशी का नाही, ते पुढच्या प्रश्नात.

१२. ग्रुपवर विचारल्यावर एकाने खासगीत मेसेज केला, 'हे ॲप टाका, मी तुमच्या फोनवरून दुरुस्त करून देतो.' टाकू का?

नाही. मोघम मेसेजवर विनोद करणाऱ्यांपेक्षा हे लोक जास्त डोळा ठेवून असतात, कारण 'मला काही कळत नाही, कोणीतरी मदत करा' ही त्यांच्या कामाची ओळ आहे. स्क्रीन दिसायला लागला की आलेला ओटीपीही त्यांना दिसतो. मदत ग्रुपवरच, सगळ्यांसमोर घ्या.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला, मग ग्रुपला. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेल्याच्या मेसेजखाली विनोद करणाऱ्याला एकच इशारा मिळतो.

१३. मी अंबडच्या कंपनीत आहे. ऑफिसची माहिती उघड करता येत नाही, म्हणून मोघम लिहावं लागतं. मग काय करू?

नावं लपवा, लक्षणं नको. कंपनी, ग्राहक, खाते क्रमांक, ई-मेल, सिरियल नंबर काढा. एररचा मजकूर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती ठेवा. 'एका सॉफ्टवेअरमध्ये प्रॉब्लेम येतोय' असं लिहिलंत तर 'एका डॉक्टरकडे जा' असं उत्तर येणार, आणि आम्ही ते काढणार नाही.

फोटोवर खाडाखोड करताना मोबाईलचा हायलायटर वापरू नका. तो अर्धपारदर्शक असतो. उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. भरीव काळी चौकट टाका, नाहीतर तो भाग कापूनच टाका.

१४. माझं काम झालं. 'झालं, थँक्स' लिहिलं तर त्यावरही टोमणे. आता काय चुकलं?

कशाने झालं ते लिहिलं नाहीत. पुढच्याला तोच बिघाड आला की तो शोधत तुमच्या मेसेजपर्यंत येतो आणि 'झालं, थँक्स' वाचून कपाळाला हात लावतो. 'चार्जरची पिन सैल होती, एमजी रोडवर बदलून घेतली' एवढं पुरे.

१५. मोघम प्रश्न बरोबर असतो, असं कधी होतं का?

होतं, सगळ्यांचंच बंद पडतं तेव्हा. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. लोकांनी राउटर उपटले, फोन रीसेट केले. तेव्हा 'तुमचं चालतंय का?' हाच नेमका प्रश्न होता. तो विचारायचा ग्रुपही व्हॉट्सॲपवरच, हा भाग निराळा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीनवर निळा पडदा आणला, तेव्हाही आपलं एकट्याचं आहे की सर्वांचं, हे कळणं पहिलं काम होतं.

अशा वेळी 'चालत नाहीये' लिहायला हरकत नाही, फक्त भाग आणि वेळ जोडा: 'जेल रोड, साडेनऊपासून, मोबाईल आणि वाय-फाय दोन्हीवर व्हॉट्सॲप बंद, बाकी साइट उघडतात.' पंचवटी, सातपूर आणि नाशिकरोडहून तेच आलं की सेटिंगला हात लावू नका. एकट्या जेल रोडवरून आलं तर प्रश्न ५ पाहा, आणि खाली जाऊन जेसीबी उभा आहे का ते बघून या.